बाई, तो शेवट खोटा होता

बाई, तुमच्या शोकसभेचं पत्रक लिहायला शाळेच्या चिटणीसांनी माणूस माझ्याकडेच पाठवला. "तुमचा हात बसलेला आहे, शिवाय तुम्ही बाईंच्या विद्यार्थिनी," असा निरोप होता. मी नाही म्हणाले. गेल्या तीन वर्षांत पत्रक लिहायला मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. नळाच्या पाण्यासाठी लिहिलं, बोनससाठी लिहिलं, मराठवाडा हैदराबादेतून सुटून महाराष्ट्राला मिळावा म्हणून तर इतकं लिहिलं की वडील म्हणायचे, छापखान्यातले 'म'चे खिळे झिजवलेस तू. पण 'कळंबकरबाईंचे दुःखद निधन' एवढं लिहून माझा हात थांबला. पुढे काय लिहायचं ते पाठ होतं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, भरून न निघणारी हानी. यातलं एकही अक्षर तुमच्याबद्दल नव्हतं. पत्रकात माणूस मावत नाही, हे तुमचं म्हणणं. ते खरं आहे हे कळायला मला तुमच्या मरणापर्यंत वेळ लागला, याचा मला संताप येतो. माझा येतो आणि तुमचाही येतो.

म्हणून पत्रक नाही. तुमच्याशीच बोलते. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीला आठवडा उरला असताना तुम्ही वर्गात एक जाड, पिवळं पडलेलं पुस्तक आणलंत. पन्नासेक वर्षांपूर्वीची कादंबरी, कुण्या रावसाहेबांच्या घराण्याची. प्रत एकच, तुमच्या वडिलांची. हैदराबादेत दुसरी कुठे असेल तर आम्हाला ठाऊक नव्हती. "ही सुटीत वाचायची. शाळा उघडली की मी प्रश्न विचारीन," म्हणालात.

माझ्या घरात कादंबरी नव्हती. काचीगुडा स्टेशनच्या मागे आमच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत पत्रकंच पत्रकं. वडील आबिड्सच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे. मी अक्षरं शिकले ती जाहीर सभांच्या पत्रकांवर. 'बंधूंनो' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. वडील म्हणायचे, "कादंबऱ्या ज्यांना दुपारची झोप परवडते त्यांच्यासाठी." मला ते पटलेलं होतं. रावसाहेब म्हटलं की माझं डोकं तापायचं. आम्ही तेव्हा महार होतो, त्याच वर्षी दसऱ्यानंतर बौद्ध झालो. रावसाहेबांच्या घरात आमचा पाय कुठपर्यंत जातो हे कळायला मला पुस्तक लागत नव्हतं.

चार दिवस संध्याकाळी वडिलांच्या छापखान्यात बसून मी स्वतः खिळे जुळवले आणि पत्रक काढलं. 'कुणाची कादंबरी?' असा मथळा. 'आमच्या बापांच्या पाठी उन्हात भाजत असताना आम्ही रावसाहेबांच्या ओसरीवरच्या गप्पा का वाचायच्या?' असा प्रश्न. शेवटच्या दिवशी वर्गातल्या आठही मुलींना वाटलं, एक तुमच्या टेबलावर ठेवलं.

तुम्ही ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलंत. मग विचारलंत, "जुळवलं कुणी? वडिलांनी?"

"मी."

"छान जुळवलंयस. कादंबरी वाचलीस?"

"वाचायची गरज नाही."

तुम्ही ड्रॉवरमधून पेन्सिली तासायचा चाकू काढलात, कादंबरी पालथी केलीत आणि तिची शिवण कापलीत. मुली ओरडल्या. तुमच्या वडिलांचं पुस्तक होतं ते, बाई. तुम्ही एकेक दोरा ओढून काढलात आणि सोळा-सोळा पानांचे अकरा फर्मे सुटे करून टेबलावर मांडलेत, भाजीवालीनं जुड्या मांडाव्यात तसे.

"एक पुस्तक, नऊ जणी. आता सगळ्यांना पुरेल," तुम्ही म्हणालात. "दर चार दिवसांनी एक फर्मा माझ्या घरून न्यायचा. वाचायची गरज नाही म्हणणारीनं सगळ्यांच्या आधी वाचायचं. कांबळे, पहिली तू. तुझ्याकडून मालतीकडे, मालतीकडून पुढच्या मुलीकडे, असं नवव्या मुलीपर्यंत. आणि पहिल्या फर्म्याला हिचं पत्रक टाचून द्या. दोन्ही वाचा आणि मग भांडा."

मला वाटलं, मी जिंकले. नंतर वाटलं, हरले. आजही ठरत नाही.

मी पहिला फर्मा वाचायला बसले ती पेन्सिल घेऊन. दुसऱ्या पत्रकासाठी मजकूर हवा होता. चार पानांत सात खुणा केल्या. पाचव्या पानावर एक वकील आला. त्याला दर वाक्याआधी घसा शेकायला गरम पाणी लागायचं आणि पाणी येईपर्यंत समोरचा माणूस आपला मुद्दा विसरून जायचा. मी हसले. मोठ्यानं. आई भाकरी थापत होती, म्हणाली, "काय झालं गं? वाच की मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचायला लागले आणि तिथे माझी पेन्सिल संपली.

पुढचे चाळीस दिवस आमच्या घरात रावसाहेबांची सून गोदा राहायला आली. दर चौथ्या दिवशी आई सकाळपासून विचारायची, "जाऊन आलीस का बाईकडं? आणलंस का पुढचं?" मी नल्लकुंट्यापर्यंत चालत यायचे, भर उन्हात, आणि तुमच्या दारात पोचल्यावर चेहरा असा करायचे की जणू मला शिक्षेला बोलावलंय. तुम्ही फर्मा द्यायचात, विचारायचात, "कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "जसं वाटायला पाहिजे तसं." तुम्ही म्हणायचात, "बरं." आत तुमची थोरली बहीण अंथरुणावर पडून असायची, ती हाक मारायची, "कोण गं?" तुम्ही सांगायचात, "माझा विरोधी पक्ष."

ती कादंबरी मला आवडली, बाई. हे वाक्य मी तुम्हाला कधीच म्हणाले नाही म्हणून इथे छापून टाकते. आवडली म्हणजे नुसती आवडली नाही. मला तिची लाज वाटेल इतकी आवडली. गोदाच्या धाकट्या जावेवर दागिना चोरल्याचा आळ येतो, घरातले तिला हाकलून देतात, आणि गोदाला ठाऊक असतं की दागिना खुद्द सासऱ्यानं गहाण टाकलाय. पाच फर्मे ती गप्प राहते. त्या पाच फर्म्यांत मी तिला जितक्या शिव्या घातल्या तितक्या निजामालाही घातल्या नसतील. आमच्या पत्रकांत दोन बाजू असायच्या, आपण आणि ते. ही बाई 'ते' होती, आणि तिनं तोंड उघडावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

आईचं वाचन वेगळं. एकदा मध्येच तिनं थांबवलं. "त्या घरात झाडलोट कोण करतंय? लिवलंय का?"

मी मागची पानं चाळली. एका ठिकाणी होतं, 'अंगण झाडणारी येऊन गेली होती.' तेवढंच. नाव नाही, तोंड नाही.

आई म्हणाली, "ती मी. चल, वाच पुढं."

ही गोष्ट मला तुम्हाला सांगायची होती. यावर तुम्ही काय म्हणाला असतात याचा मी तीन वर्षं अंदाज करतेय. पण ती सांगायची तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी वाचतेय, आईला वाचून दाखवतेय, आणि आम्हाला दम निघत नाहीये.

आता उन्हाचं बोलते.

मालती बर्कतपुऱ्यात राहायची. फर्मा वाचून झाला की मी तिच्या फाटकाशी जायचे, ती येऊन घ्यायची. आठवा फर्मा दिला त्या दिवशी परत निघाले आणि घामाघूम होऊन फाटकाशीच जरा टेकले, तर त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर तोच फर्मा दिसला. आताच दिलेला. पानं उघडून पसरलेली, वर अर्धी वीट. पापड वाळत घालावेत तसा.

मालतीला हाक मारली. ती आली, वर बघितलं आणि खाली मान घातली. "आई म्हणते, एक दिवस ऊन दाखवायचं. मग घरात घ्यायचा."

"पहिल्यापासून?"

"हौ. रागावू नको गं. वाचू तर देते ना!"

मी घरी गेले नाही. तशीच नल्लकुंट्याला आले. तुम्ही बहिणीला पेज भरवत होतात. मी दारातूनच सांगितलं. मला वाटलं, वाटी खाली ठेवाल. तुम्ही चमचा तिच्या तोंडाशी नेलात, तिनं गिळेपर्यंत थांबलात, आणि म्हणालात, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. मालतीनंच सांगितलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. मालती वाचते आहे. तिच्या आईनं सुरुवातीला फर्माच परत पाठवला होता. मी म्हटलं, ऊन दाखवा, विस्तव दाखवा, पण पोरीला वाचू द्या. तिच्यामागे सात मुली थांबल्यात."

"ऊन कागदाला दाखवत नाहीत, बाई. मला दाखवतात."

"कळतं मला."

"कळून तुम्ही मला पहिल्या नंबरला ठेवलंत. माझ्या हाताचा विटाळ त्यांच्या घरात नेऊन टाकायला मी तुमचं हत्यार. आणि त्यांनी विटाळ धुवायचा उपाय काढला तर त्याला तुमची परवानगी!"

तुमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "तुला म्हणायचं काय आहे? मी बर्कतपुऱ्यात जाऊन त्या बाईशी भांडावं आणि मालतीचं शिक्षण त्या दिवशी बंद पडावं? तुझ्या पत्रकात 'जनता' असते. जनतेला आई नसते. मालतीला आहे."

"तुमच्या कादंबरीत चार माणसं असतात, आणि अंगण झाडणारीला नाव नसतं," असं मला म्हणायचं होतं. म्हटलं तर वाचलेलं कळलं असतं. म्हणून मी फक्त, "तुम्ही सगळे सारखेच," असं म्हणाले आणि निघून आले. एवढं स्वस्त वाक्य मी पत्रकातही घालणार नाही.

तरी नववा फर्मा न्यायला आले. दहावाही. गोदाचं काय होतंय ते कळायला हवं होतं. माझ्या तत्त्वांचा कस तिथे लागला, बाई, आणि तत्त्वं हरली. अकरावा फर्मा घेतला आणि तशीच वळले. तो मी आईला एका बैठकीत वाचून दाखवला. वडीलही कपाटाला टेकून ऐकत होते, आपण ऐकत नाही असं दाखवत. वाचून झालं. मग आई म्हणाली, "बोलली बया."

आणि मी ठरवलं, हा फर्मा उन्हात जाणार नाही. बाकीचे दहा गेले, हा नाही. मालतीकडे मी गेलेच नाही.

दहा दिवसांनी तुम्ही आमच्या घरी आलात. स्टेशनमागच्या त्या गल्लीत आपल्या शाळेतलं कुणी कधी आलं नव्हतं. आईनं चहा दिला, तुम्ही प्यायलात. मी कोपऱ्यात उभी राहून तुम्ही कप ओठाला नीट लावता की नाही ते बघत होते. नीट लावलात. त्याचाही मला राग आला.

"अकरावा फर्मा?" तुम्ही विचारलंत.

"जाळला."

"वाचून जाळलास की न वाचता?"

"न वाचता."

आई तिथेच उभी होती. चार दिवसांपूर्वीच तिनं तो माझ्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि कप उचलून आत गेली. तुम्ही गेल्यावर म्हणाली, "कामून खोटं बोललीस? त्या गोदाचं एवढं कवतिक करत होतीस."

मी म्हणाले, "तुला नाही कळायचं." तिला सगळं कळलं होतं.

शाळा उघडली तेव्हा शहरात एकच विषय होता. राज्याचे तीन तुकडे होणार, कोण इकडे राहणार आणि कोण तिकडे जाणार. नोकरदारांच्या याद्या निघत होत्या. आपल्या शाळेतही किती मराठी शिक्षक ठेवायचे आणि कुणाची शिफारस करायची हे कमिटी ठरवणार होती, म्हणजे चिटणीस ठरवणार होते. त्यांच्या स्वतःच्या मुली इंग्रजी शाळेत होत्या, पण मराठीचं काय होणार या विषयावर ते रडायला लागले की थांबत नसत. तुम्हाला मराठवाड्यात पाठवणार अशी बोलवा होती. मी तेव्हा छातीला बिल्ला लावून फिरत होते. तुम्हाला म्हणालेसुद्धा, "बरंच झालं. चला आपल्या राज्यात."

तुम्ही म्हणालात, "माझं राज्य नल्लकुंट्यात आहे. दोन खोल्या आणि एक बहीण. तिला बैलगाडीतही बसवत नाही. तुमच्या पत्रकात आमच्यासारख्यांचा एक तरी परिच्छेद आहे का, जे मराठी आहेत आणि जाऊ शकत नाहीत?"

नव्हता. पुढेही मी तो लिहिला नाही.

त्या आठवड्यात तुमच्या तासाला चिटणीस येऊन मागच्या बाकावर बसले, पाय पसरून. मुलींनी विचारलं, "बाई, शेवट काय होतो? आमच्याकडे दहाच फर्मे आले." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी जाळल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्ही उभ्या राहिलात आणि शेवट सांगितलात. कोर्टात गोदाला साक्षीला बोलावतात. ती सासऱ्याकडे बघते. त्यांचे पांढरे केस बघते. तिला शब्द फुटत नाही. घरी परतल्यावर सासऱ्यांना तिच्या मौनाचा अर्थ उमगतो, त्यांना पश्चात्ताप होतो, धाकट्या सुनेला ते मानानं परत आणतात. घर पुन्हा भरतं.

चिटणीस म्हणाले, "वा! हे आपले संस्कार."

खोटं होतं ते. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटं. आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, तुम्हाला आणि मला. तुम्ही थांबलात. खडू खाली ठेवलात. सरळ माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कुणाला काही म्हणायचंय?"

किती वेळ बघत होतात, बाई! बाहेर शिपायानं घंटेचा हातोडा हातात घेतलेला मला दिसत होता. मी बोलले असते तर मी खोटारडी ठरले असते, तुम्ही चिटणिसांसमोर उघड्या पडला असतात, आणि गोदा वाचली असती. मी बाकाच्या फळीवरच्या गाठी मोजत बसले.

तुम्ही म्हणालात, "बरं."

तुमची शिफारस झाली. तुम्ही हैदराबादेत राहिलात.

तीन वर्षं मी तुम्हाला भित्री म्हणत आलेय. मनात, आणि दोनदा लोकांतही. नोकरीसाठी पुस्तकाची मान मुरगाळणारी बाई. मग तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी, मोरीत तोंड धुताना, तुमचं ते बघणं पुन्हा समोर आलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, तो शेवट तुम्ही चिटणिसांसाठी बदलला नसेल तर? माझ्यासाठी बदलला असेल तर? ही पोर खोटं सहन करणार नाही, उठेल, 'असं नाहीये' म्हणेल, आणि वाचल्याचं आपोआप कबूल करेल, असा तुम्ही डाव टाकला असेल तर? तसं असेल तर त्या दिवशी स्वतःची नोकरी पणाला लावून तुम्ही माझ्यावर विश्वास टाकला होता. आणि तसं नसेल तर तुम्ही भित्र्या होतात. यातलं काय खरं ते तुम्ही सोबत घेऊन गेलात. हे बरोबर केलं नाहीत.

विचारायची संधी होती. गेल्या थंडीत आबिड्सला पोस्टाच्या पायऱ्यांवर भेटलात. शाळेतले मराठी वर्ग तोवर एकावर आले होते, बाकीचा वेळ तुम्हाला तेलुगू मुलींना शिवण शिकवायला लावलं होतं. मी विचारलं, "कळतं का त्यांना तुमचं?" तुम्ही हसून म्हणालात, "दिवसभर एकच ऐकते. अर्थं कालेदु, टीचर. काही समजलं नाही. खरं बोलतात पोरी." मग म्हणालात, "तुझी पत्रकं वाचते. खांबांवर."

"कशी असतात?"

"छान जुळवलेली. माणूस अजून दिसत नाही."

मला झोंबलं. बस आली, मी चढले. बहीण कशी आहे हेसुद्धा विचारलं नाही. ती त्या भेटीच्या महिनाभर आधीच गेली होती, हे मला परवा कळलं. ज्या दोन खोल्यांसाठी तुम्ही राहिलात, त्यांत तुम्ही एकट्या उरला होतात आणि मी बस पकडली.

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. वर्गातल्या नऊ जणींपैकी तिघी गावात उरल्यात, मालती, मी आणि आणखी एक. बाकीच्यांच्या वडिलांच्या बदल्या झाल्या. चिटणीस बोलायला उभे राहिले. कर्तव्यदक्ष झालं, मनमिळाऊ झालं. मग म्हणाले, "बाईंनी एकदा मुलींना एका थोर कादंबरीचा शेवट सांगितला होता. मी स्वतः हजर होतो. सून मौन पाळते आणि घर सावरतं. बाईंची तीच शिकवण. त्या स्वतः तशाच जगल्या."

मी उभी राहिले. "तो शेवट खोटा आहे."

"बसा, कांबळे. शोकसभा आहे, इथे वाद नको."

"कादंबरीत ती बोलते. मी वाचलंय."

मालती समोरच्या रांगेत होती, कडेवर मूल. ती वळली. "म्हणजे तू जाळला नव्हतास?"

"नाही."

"तीन वर्षं?"

"हो."

"माझ्या आईनं ऊन दाखवलं ते तू गावभर केलंस. लग्नात माझ्या सासरच्यांपर्यंत पोचलं ते." तिचा आवाज चिरकला. "आणि हे नाही सांगितलंस. आम्ही सात-आठ जणी खोटा शेवट घेऊन बसलो, अं?"

ऊन दाखवणं ऊन दाखवणंच राहतं, त्याची फेड मालतीच्या आईला अजून करायची आहे. पण फर्मा मी दाबला होता, आणि त्या पोरींपासून दाबला होता.

चिटणिसांनी हात वर केला. घाईनं म्हणाले, "आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून बाईंना श्रद्धांजली वाहू या." सगळे उठले. खुर्च्या वाजल्या, माना खाली गेल्या, खोली गप्प झाली. मला गप्प करायला त्यांनी सगळ्या खोलीला गप्प केलं होतं.

मी बोलत राहिले. गोदाला कोर्टात बोलावतात, मी सांगितलं. वकील गरम पाणी मागतो, पाणी येईपर्यंत सगळे थांबतात, आणि त्या थांबण्यात गोदा सासऱ्याकडे बघते. त्यांचे पांढरे केस बघते. मग मुन्सफाकडे वळते आणि म्हणते, दागिना यांनीच गहाण टाकला. कुणाकडे, कुठल्या दिवशी, सगळं सांगते. धाकटी दाराशी उभी असते, तिला आत बोलावते. चिटणीस माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, पण ओठ मिटलेले. शिक्षकांपैकी एकजण खाकरला आणि खाली बघायला लागला. मला कुणी थांबवू शकत नव्हतं, कारण सगळे तुमच्यासाठी गप्प उभे होते. दोन मिनिटं मला पुरली.

सगळे बसले तेव्हा मालती बसली नाही. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. चेहरा अजून रागीटच.

"मग पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं नाहीये. तिथं संपते."

"असं कसं? ती घरी गेली का? कुणी घेतलं तिला घरात?"

"लिहिलेलं नाही."

"हे काय बाई! मग कळायचं कसं?"

मी म्हणणार होते, बाईंना विचार.